गाणं संपल्यावर नाव सांगा

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीसाठी मुद्रित झालं. तीन मिनिटांचं गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव खणखणीत उच्चारते. आज ऐकताना ती ऐट वाटते, पण त्यामागचं कारण कामाचं होतं. मुद्रणं बोटीनं जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची, तबकड्या तिथे निघायच्या, आणि तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाण्यातलं अक्षर कळत नसे. कोणत्या तबकडीवर कोणाचं नाव छापायचं, हे त्यांना त्या शेवटच्या दोन सेकंदांतून समजायचं. त्या दोन सेकंदांमुळे सव्वाशे वर्षांनंतरही ते गाणं गौहर जानचंच आहे.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, निंबाच्या झोक्यावर, श्रावणात कानबाई देवीपुढे, हयदीच्या म्हणजे हळदीच्या रात्री मांडवात जी गाणी म्हटली जातात, त्यांच्या मागे ते दोन सेकंद नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी गांभीर्यानं मांडतो आहे: खान्देशी गाण्याला आज सर्वांत जास्त गरज आहे ती गाणाऱ्याच्या नावाची आणि गावाची. मंच, महोत्सव, अनुदान, पुरस्कार हे सगळं त्यानंतरचं. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिकचा बागलाण-मालेगाव पट्टा, एवढ्या मुलखातल्या गाण्यांचा आवाजी संग्रह तालुक्यातालुक्यात उभा राहिला पाहिजे, आणि त्यातल्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी गाणारीनं आपल्या तोंडानं आपलं नाव सांगितलेलं असलं पाहिजे.

जतन करणं हे आपल्याला नवं आहे, असं कोणी म्हणू नये. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी वाङ्मयाची बाडं मठामठांतून गोळा केली आणि समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. म्हणजे कागद कसा सांभाळायचा, हे या मुलखाला शंभर वर्षांपूर्वी नीट ठाऊक होतं. बाड कोणत्या मठातून आलं, कोणाच्या हातचं आहे, ही नोंद केल्याशिवाय ते कपाटात जात नसे. नेमका हाच शिरस्ता आपण आवाजाला लावला नाही.

कागदानं काय वाचतं आणि काय निसटतं, याचं आपल्या घरचं उदाहरण बहिणाबाई चौधरींचं आहे. आसोद्याच्या या बाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी ऐकता ऐकता ओळी टिपून घेतल्या, १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. टिपून घेणारं कोणी घरात नसतं तर महाराष्ट्राला ही कवयित्री कळलीच नसती. पुस्तकात शब्द आले. पण जातं ओढताना त्या कोणत्या अक्षरावर थांबत, कोणता स्वर लांबवत, हे पुस्तकात कसं येणार? आज त्यांच्या कविता ज्या चालींवर आपण म्हणतो त्यांतल्या बहुतेक पुढच्या संगीतकारांच्या आहेत. त्या चाली मला अतिशय प्रिय आहेत, त्यांनीच बहिणाबाई घराघरांत नेल्या. तरी ऐकणारा म्हणून मनात एक जागा रिकामी राहतेच.

दुसरं उदाहरण बालगंधर्वांचं. लहानपणी ते जळगावात राहिले, मेहबूबखाँकडे गाण्याचे पहिले धडे गिरवले. त्यांच्या तबकड्या आहेत, म्हणून आवाज आहे, लेबलवर नाव आहे. मात्र जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची. रंगभूमीवर वन्समोअर घेत लांबत जाणारं पद तबकडीसाठी कापून, घाईघाईनं संपवावं लागे. तेव्हा तबकडीवरचे बालगंधर्व हा त्या गायकीचा वानवळा आहे. यंत्राच्या मर्यादेमुळे गाणं आखडलं, पण नावासकट टिकलं. आपल्याकडे आज उलट स्थिती आहे: यंत्राला मर्यादा उरली नाही, खिशातल्या फोनवर तासन् तास आवाज साठतो, आणि नाव मात्र एकाचंही राहत नाही.

नाव कुठे जातं, तर ‘पारंपरिक’ या शब्दाखाली. कोणत्याही ध्वनिफितीवर, चित्रफितीवर, महोत्सवाच्या पत्रिकेवर पाहा. संगीत संयोजकाचं नाव असतं, चित्रण करणाऱ्याचं असतं, निर्मात्याचं मोठ्या अक्षरात असतं आणि गीत व चाल यापुढे ‘पारंपरिक’ असतं. गाणं परंपरेनं आलं, हे खरंच आहे. पण ते परंपरेकडून थेट संयोजकाच्या कीबोर्डवर आलेलं नसतं. मध्ये एक बाई असते. तिनं ते आईकडून किंवा चुलतीकडून उचललं, चाळीस वर्षं सांभाळलं, दोन कडवी स्वतः जोडली, एखादा शब्द बदलला. तिचं नाव लिहायला जेवढी शाई लागते तेवढीच ‘पारंपरिक’ लिहायला लागते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. लोकगीत सगळ्यांचं असतं, त्याला एकाचं नाव चिकटवलं की ते लोकगीत उरत नाही. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर दिलं पाहिजे. गाण्याची मालकी आणि गाण्याचं सादरीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आखाजीचं कैरीचं गाणं कोणी रचलं, हे कोणीच सांगू शकणार नाही, सांगूही नये. पण अमुक गावच्या अमुक बाईनं अमुक साली ते असं म्हटलं, ही घटना आहे, आणि घटनेला कर्ता असतो. आपला कायदाही हेच मानतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’ म्हणजे सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतंत्र हक्क आहे, तो पन्नास वर्षं टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात भर पडली ती अशी, की आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडलं जावं असा आग्रह कलाकार धरू शकतो. गाणारी व्यावसायिक आहे की ओट्यावर बसून गाते, असा भेद त्यात नाही. स्वतःपुरतं ऐकायला, शिकवायला किंवा संशोधनाला केलेलं ध्वनिमुद्रण चालतं. ते जगासमोर मांडायचं, त्यातून पैसा करायचा, तर तिची संमती हवी.

संमती आणि नाव नसल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते, ती फार थोड्यांना माहीत आहे. एखाद्यानं जुनं गाणं ढोलकी-कीबोर्ड लावून मुद्रित केलं, ते वितरकामार्फत संगीताच्या मंचांवर चढवलं, की त्या मंचाची ओळखयंत्रणा त्याचा ठसा जपून ठेवते. उद्या दुसऱ्या कोणी आपल्या आजीच्या आवाजातलं तेच गाणं चढवलं आणि यंत्राला दोन्हींत साम्य वाटलं, तर आजीच्या गाण्यावर ‘हक्क’ दाखवला जातो, उत्पन्न तिकडे वळतं. यात दरवेळी कोणाचा डाव असतो असं नाही. यंत्राला ‘सगळ्यांचं’ ही कल्पना कळत नाही, त्याला आधी आलेला ठसा कळतो. तारीख, गाव आणि नाव असलेलं जुनं मुद्रण हाताशी असेल तर तो दावा खोडता येतो. नसेल तर नाही.

आता अहिराणीतल्या, म्हणजे खान्देशच्या बोलीतल्या, नव्या गाण्यांविषयी. शिकल्या-सवरल्या घरांत त्यांच्याकडे नाक मुरडून पाहायची रीत आहे, ती मला मान्य नाही. केसांवर फुगे विकणारा बबल्या आणि झुमकेवाली पोर या गाजलेल्या गाण्यांनी अहिराणी पुण्या-मुंबईच्या वरातींत नेली. ‘शे’ आणि ‘ऱ्हायना’ हे शब्द तोंडी आले म्हणून वर्गात हसू झालेल्या पिढीची मुलं आज त्याच शब्दांवर नाचतात. भाषेसाठी हे मोठं काम आहे. ही गाणी चांगली बांधलेली असतात: पहिल्या आठ मात्रांत धुन कानात बसते, धृवपदात एकच चित्र असतं, आणि ते चित्र गावातलं असतं. शिवाय यातल्या बऱ्याच गाण्यांवर गायक, गीतकार, संगीतकार अशी रीतसर नावं असतात. म्हणजे ज्यांना आपण उथळ म्हणतो, त्यांनी नाव लिहायची शिस्त पाळली, आणि ज्याला आपण वारसा म्हणतो, तो निनावी राहिला.

माझी तक्रार आहे ती स्टुडिओतल्या एका सवयीविषयी. बायकांची जुनी गाणी साधारण चार-पाच स्वरांच्या आवाक्यात फिरतात आणि त्यांतले स्वर पेटीच्या पट्टीवर नेमके बसत नाहीत. गंधार किंचित खाली असतो, शेवटचा स्वर घसरत जमिनीवर येतो. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक स्वर ओढून बारांपैकी जवळच्या घरात बसवतं. घसरण नाहीशी झाली की ते गाणं हयदीचं की जाहिरातीचं, हे ओळखू येत नाही. लयीचंही तसंच. झोक्यावरचं गाणं झोक्याची लय धरतं, आणि झोक्याची लय दोरीच्या लांबीवर ठरते. फांदीपासून पाटापर्यंत चार मीटर दोरी असेल तर झोका जाऊन परत यायला सुमारे चार सेकंद लागतात, तीन मीटर असेल तर साडेतीन. झोक्यावर बसलेली पोर हलकी की भारी, यानं त्यात फरक पडत नाही. म्हणजे उंच निंबाचं गाणं ठाय लयीत चालणार आणि बुटक्या फांदीचं जरा जलद. स्टुडिओत ठोक्याच्या यंत्रावर ते मिनिटाला एकशेवीसनं पळवलं की झोका गेला, निंब गेला. नव्यानं गाणं बांधायला माझी ना नाही; फक्त त्याआधी झोक्यावरचं मूळ कुठेतरी नीट ठेवलेलं असावं.

छापील संग्रहांची मर्यादाही इथेच कळते. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, हळदीची हयद होते, डोळ्याचा डोया होतो. संपादकानं प्रमाण मराठीच्या ओढीनं ‘ळ’ परत बसवला की यमक तुटतं. संबोधनाचा शेवटचा स्वर कुठे ‘वं’, कुठे ‘वो’ असा लिहिलेला दिसतो. प्रत्यक्षात तो या दोन्हींच्या मधला, नाकातून येणारा आणि दीड-दोन मात्रा लांबणारा आहे, त्याला देवनागरीत अक्षर नाही. सातपुड्यातल्या वाद्यांना तर कागद पुरतच नाही. दुधी भोपळ्याचं कवच, बांबूच्या नळ्या, पुढे शिंग, सांधे मेणानं बुजवलेले, अशी पावरी न थांबता श्वास फिरवून वाजवली जाते; तिचा अखंड धरलेला सूर शब्दांत काय सांगणार? काशाच्या थाळीवर मेणानं बारीक काडी उभी करून तिच्यावरून बोटं ओढत कथा लावणाऱ्या थाळगानाचा घोंगावणारा नादही तसाच.

म्हणून ध्वनिमुद्रण. आणि ते कसं करायचं यावर मी थोडा वेळ घालवणार आहे, कारण उत्साहानं केलेली बहुतेक मुद्रणं वर्षभरात निरुपयोगी ठरतात, आणि कारणं दरवेळी तीच असतात.

पहिलं कारण म्हणजे कूलर. आखाजी वैशाखात येते, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, आणि घरात कूलर नाहीतर पंखा सुरू. माणसाच्या कानाला तो आवाज पाच मिनिटांनी ऐकू येईनासा होतो, माइकला येत राहतो. नंतर सॉफ्टवेअरनं काढायला गेलं की ‘स’, ‘श’, ‘ह’ ही अक्षरंही त्याच्याबरोबर जातात. म्हणून सकाळी सातच्या आत नाहीतर सूर्य कलल्यावर बसावं, पंखा-कूलर-फ्रिज बंद करावेत. पत्र्याच्या छपराखाली बसू नये, आवाज टणाटण परततो. जुनं धाब्याचं घर असेल तर त्यासारखी जागा नाही: जाड मातीच्या भिंती, वर माती, खाली गोधडी, आवाज कोरडा आणि स्वच्छ येतो. सिमेंटच्या खोलीत बसावंच लागलं तर भिंतीशी गोधड्या टांगाव्यात.

फोन हातात धरू नये, बोटांची खरखर येते. विमान-मोडवर टाकून, घडी केलेल्या टॉवेलवर, गाणारीच्या तोंडाच्या उंचीला, एका मीटरवर ठेवावा. मांडीच्या उंचीवर ठेवला तर टाळीबरोबर काचेच्या बांगड्या इतक्या वाजतात की शब्द बुडतात. दोन ओळींत समोरासमोर बसून एका गटानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं झेलायचं अशी रीत असेल तर माइक मधोमध, दोन्हींपासून सारख्या अंतरावर. ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्ये ‘वेव्ह’ (WAV) हा प्रकार निवडावा, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने आणि चोवीस बिट. पर्याय असेल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करावी. ती सुरू राहिली की गाणारी श्वास घ्यायला थांबते तेवढ्यात फोन पातळी चढवतो, अंगणातली कोंबडी मोठी होते आणि पुढचा शब्द आदळतो. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाज वजा बारा डेसिबलच्या आसपास राहील. अर्धं मिनिट मुद्रित करून कानात इअरफोन घालून ऐकावं, मग बसावं. गाण्याआधी आणि नंतर दहा सेकंद शांतता येऊ द्यावी. खोकला, हसू, ‘चुकनं, परत म्हनू’ हे कापू नये. कुठे आठवण अडली, ही माहितीच आहे.

ढोल असेल तर हे सगळं बदलतं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीला मोठे ढोल आणि कमरेची घुंगरं एकदम सुरू होतात तेव्हा मीटरभरावरचा फोन फाटतो, म्हणजे लाटेचे माथे कापले जातात, आणि कापलेला माथा परत जोडता येत नाही. तिथे दहा-बारा मीटर मागे जावं, सगळे एकत्र वाजवत असताना पातळी ठरवावी, एकट्या ढोलावर ठरवू नये. होळीच्या धगीवर ढोलाचं कातडं तापवलं की सूर चढतो, थंडाव्यात उतरतो. म्हणून तापवण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन तुकडे घ्यावेत. पावरीला शिंगाच्या तोंडासमोर माइक धरू नये, बाजूनं धरावा.

एक तासाचं दोन्ही कानांचं (स्टिरिओ) मुद्रण सुमारे एक जीबी जागा खातं, एका कानाचं (मोनो) त्याच्या निम्मं. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये साडेनऊशे तास मावतात. एका तालुक्याची गाणी त्यात आरामात बसतील. हे मुद्रण व्हॉट्सॲपवर आवाज म्हणून पाठवू नये, तिथे ते दाबलं जातं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, आणि मूळ फाइलला हात लावू नये. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. फाइलच्या नावात रोमन अक्षरं आणि आकडेच असावेत, कारण देवनागरी नावं एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना कधीकधी चौकोनी ठिपके होतात. अहिराणी मजकूर सोबतच्या नोंदीत लिहावा, ऐकला तसा, ‘य’चा ‘ळ’ न करता.

आता नाव. गाणं संपलं, दहा सेकंद झाले, मुद्रण चालूच आहे, की विचारावं: माय, तुमनं नाव, तुमनं गाव? ती सांगेल तेच नाव. गावात ती ‘अमक्यानी माय’ असेल, आधार कार्डावर लग्नानंतर बदललेलं नाव असेल, तिला कदाचित माहेरचं सांगायचं असेल. तिच्या तोंडून येईल ते. त्यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त राहून जाणारा: माहेर कोणतं, आणि हे गाणं शिकलात कोणाकडून, कुठे? खान्देशात बाईचं गाणं सोयरिकीबरोबर प्रवास करतं. शिरपूरच्या ओट्यावर ऐकलेलं गाणं बागलाणातून आलेलं असू शकतं, पाचोऱ्याकडचं गाणं साक्रीला पोचलेलं असू शकतं. फक्त सासरचं गाव लिहिलं की नकाशा चुकतो, आणि पुढचा अभ्यासक ‘शिरपूर भागातलं गीत’ म्हणून भलतंच अनुमान काढतो. दोन्ही गावं असतील तर त्याच नोंदींतून कोणत्या तालुक्याची लेक कोणत्या तालुक्यात दिली जात होती, याचाही इतिहास उभा राहतो.

हे अशक्य नाही, मराठीतच झालेलं आहे. जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं खेड्यांत फिरून केला. एक लाखाहून अधिक ओव्या, आणि ओवीसोबत म्हणणारीचं नाव, तिचं गाव. आता तो संग्रह आवाजासकट कोणालाही ऐकता येतो. आपल्याला एकदम लाखाचं नाव घ्यायची गरज नाही. एका तालुक्यातून वर्षाला पन्नास गाणी, नीट, नावागावासकट, एवढं पुरे.

करायचं कोणी? माझं मत आहे, सार्वजनिक ग्रंथालयांनी. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक ठिकाणी जुनं वाचनालय आहे, कपाट आहे, नोंदवही ठेवायची सवय असलेला माणूस आहे. बरा हाती धरायचा रेकॉर्डर दहा-बारा हजारांत येतो, दोन डिस्कना तेवढेच. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठानं नोंदीचा एक नमुना ठरवून द्यावा आणि तिसरी प्रत आपल्याकडे ठेवावी. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात; दहा गाण्यांचं मुद्रण, अक्षरशः उतरवलेला पाठ आणि शब्दार्थ, हा चाळीस पानी उसन्या निबंधापेक्षा केव्हाही चांगला प्रकल्प आहे. मुंबई-पुण्याच्या संस्थांनी येऊन हे करावं, याची वाट पाहू नये. त्यांना ‘वं’ ऐकू येणार नाही.

आणि डीजे? गाणी डीजेनं मारली, असं म्हणणं सोपं आहे, आणि त्यात काही खरंही आहे. पूर्वी हयदीच्या रात्री बायका तासभर म्हणायच्या. आता हयदीलाच भिंतीएवढे स्पीकर लागतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे, आणि वरातीत ती कोणी मोजत नाही. शंभर डेसिबलला सुरक्षित वेळ पंधरा मिनिटांची धरली जाते आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. दोन-दोन तास गाडीमागे चालणाऱ्या पोराच्या कानाचं काय होतं, हे यावरून काढावं. बँडवाल्यांचं दुखणं वेगळंच. उन्हात ट्रम्पेट-क्लॅरिनेटचा सूर चढतो, ट्रॉलीवरचा कीबोर्ड आहे तिथेच राहतो, आणि ती फट झाकायला आवाज वाढवला जातो.

तरीही नियमाची अंमलबजावणी कडक झाली म्हणून गाणी परत येतील, असं मला वाटत नाही. स्पीकर बंद केल्यावर म्हणणारी हवी ना? तिला शब्द आठवले पाहिजेत, आणि ज्या पोरींनी झेलायचं त्यांनी ते एकदा तरी ऐकलेले असले पाहिजेत. म्हणून मागणी छोटी करावी: हयदीच्या रात्री अर्धा तास, स्पीकर बंद, बायकांचा. डीजेवाल्याला ठरवतानाच सांगायचं, त्याचं काही अडत नाही. जनरेटरचं डिझेल वाचतं. कानबाईच्या रोटांच्या, म्हणजे नैवेद्याच्या, दिवशी मात्र रविवारच्या रात्री मुद्रणाचा हट्ट धरू नये. घर माणसांनी भरलेलं असतं, देवीपुढे ज्याचं त्याचं मन लागलेलं असतं. शनिवारी दुपारी, गहू निवडताना बसावं. तेव्हा म्हणणाऱ्या मोकळ्या असतात. काही गाणी त्या वेळीच म्हणायची असतात, आधी नाही. तसं त्या म्हणाल्या तर यंत्र बंद करावं आणि नोंदीत तेवढंच लिहावं. सातपुड्यातल्या देवकार्यांना हा नियम अधिक काटेकोर पाळावा.

मुद्रण झालं की काम संपत नाही. महिन्याभरात ते त्याच ओट्यावर परत न्यावं, साध्या छोट्या स्पीकरवर, बोलण्याच्या आवाजाएवढं लावावं. हमखास कोणीतरी म्हणतं, हे कडवं असं नाही, आमच्याकडे वेगळं आहे. त्या वेळी वाद मिटवायला जाऊ नये. रेकॉर्डर सुरू करावा, त्या दुसऱ्या बाईला तिचं कडवं म्हणू द्यावं, आणि दहा सेकंद थांबून तिलाही नाव विचारावं.